आधी नोंदणी, मग नाडी

मी दोन देशांत नर्स म्हणून नोंदले गेले आणि मधले काही महिने कुठल्याच देशात नर्स नव्हते. अशा काळात माणूस स्वतःला शोधतो वगैरे म्हणतात. मी शोधलं नाही. मी पनवेलच्या एका हॉस्पिटलात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते आणि मला कुठल्याही पेशंटला हात लावायची बंदी होती. सगळी नोकरी उभ्याने केलेल्या बाईला एकदाची खुर्ची मिळाली, तर तिने तक्रार करू नये. तरी करते. दिवाळी अंकासाठी व्यवसायातले अनुभव लिहा म्हणाले आहेत, आणि नर्सच्या अनुभवातून तक्रार वगळली तर मागे फक्त बेडपॅन उरतं.

माझं हॉस्पिटल खाजगी, हायवेला लागून. मी तिथे कॅज्युअल्टीची इन्चार्ज सिस्टर होते. कॅज्युअल्टी म्हणजे जिथे माणूस येत नाही, आणला जातो. पुण्याला लवकर पोचता यावं म्हणून मोठा रस्ता झाला, आणि लवकर पोचण्याची घाई असलेले बरेच जण आमच्याकडेच लवकर पोचू लागले. डॉक्टर येईपर्यंत रक्त थांबवणं, शीर शोधून सलाईन लावणं, श्वासावर लक्ष ठेवणं आणि 'माझा मोबाइल कुठाय' या प्रश्नाचं उत्तर देणं ही आमची कामं. डॉक्टर आले की श्रेयवाटप सुरू होई. त्यात आमचा सहभाग नसे.

तिथे माझ्या हाताखाली हेमांगी कोळी होती. उरणच्या मोरा बंदरावरची मुलगी. वडील लहानपणीच गेलेले, आई मासळी विकते, भाऊ बोटीवर. माझ्याहून दहाबारा वर्षांनी धाकटी, म्हणून मला ताई म्हणायची. लहान मुलाची शीर तिला हमखास सापडायची. वॉर्डात ती तुमच्या-आमच्यासारखी मराठी बोले, पण चिडली की मोऱ्याची भाषा बाहेर यायची. तिचं 'नाही' जोवर 'नाही' होतं तोवर ठीक. 'नाय' झालं की डॉक्टरसुद्धा दोन पावलं मागे सरत.

मग आमचं हॉस्पिटल एका कंपनीने विकत घेतलं. कंपनीने एचआर म्हणून निखिल नावाचा एक तरुण पाठवला. माझ्या मुलीपेक्षा चारेक वर्षांनी मोठा असेल. त्याला सगळ्यांनी सर म्हणायचं असं ठरलं, म्हणून आम्ही म्हणत होतो. निखिल सरांनी पहिल्या महिन्यात नर्सेस कमी केल्या आणि दुसऱ्या महिन्यात उरलेल्यांसाठी हसण्याचं ट्रेनिंग ठेवलं. खरंच. एक बाई मुंबईहून आली आणि पेशंटसमोर किती दात दिसायला हवेत हे तिने आम्हाला आरशात दाखवलं. माझ्यासमोर आरशात हेमांगी हसत होती, आणि ते हसू बघून कुठलाही पेशंट बेड सोडून पळाला असता. ट्रेनिंग संपल्यावर चहाच्या टेबलाशी ती मला म्हणाली, की ताई, आपण इंग्लंडला जाऊ या. घराचं कर्ज, मुलीचं शिक्षण ही कारणं सगळ्यांना असतात, तशी मलाही होती. पण पाय निघाला तो त्या आरशामुळे.

जुन्या पनवेलात एका कापडदुकानाच्या माडीवर इम्तियाजभाईंचं ऑफिस होतं. हे कोकणी मुसलमान गृहस्थ, स्वतः पंधरा-वीस वर्षं गल्फमध्ये काढून आलेले. आधी ते फिटर आणि आचारी पाठवायचे, आता नर्सेस पाठवू लागले होते. खारघरला काचेच्या ऑफिसात टाय लावलेले कन्सल्टंट बसत, ते गॅरंटी देत. इम्तियाजभाई कशाचीच गॅरंटी देत नसत, म्हणून आम्ही त्यांच्याकडे गेलो. त्यांनी आम्हाला पायऱ्या समजावून सांगितल्या. आधी इंग्रजीची परीक्षा. मग आपण नर्सिंग शिकलो होतो हे शाळेने कळवायचं, आपण इथे नोंदलेले आहोत आणि कुणाला मारलेलं नाही हे इथल्या नर्सिंग कौन्सिलने कळवायचं. मग कॉम्प्युटरवर नर्सिंगची परीक्षा. हे सगळं पार पडलं की तिकडे जायचं आणि तिथे प्रत्यक्ष करून दाखवायची आणखी एक परीक्षा द्यायची. त्यात पास झालं की आपण नर्स. तोवर आपण कोण, असं हेमांगीने विचारलं.

इम्तियाजभाईंनी चष्मा काढून पुसला. "बेटा, गल्फवाले हात बघतात, हे लोक तोंड बघतात. तुम्ही तोंडाची तयारी करा. हात तर अल्लाने दिलेलेच आहेत."

तोंडाची तयारी आम्ही वर्षभर केली. दिवसपाळी संपवून नवीन पनवेलला एका क्लासमध्ये जायचो, तिथे कॉलेजातली मुलं असत. त्यांना आम्ही कुणाच्या तरी आया वाटायचो. परीक्षेत रक्तदाब, जखम, औषध यांबद्दल काही विचारत नाहीत हे तिथे कळलं. प्राणिसंग्रहालयं असावीत की नसावीत यावर निबंध लिहायचा असतो. आयुष्यात एकदा शाळेच्या सहलीत राणीची बाग पाहिलेल्या दोन बायका संध्याकाळी वाघाच्या हक्कांबद्दल इंग्रजीत भांडत, आणि क्लासचे सर दोन्ही बाजू मांडा म्हणून सांगत. तोंडी परीक्षेत हेमांगीला तिच्या आवडत्या सुट्टीबद्दल दोन मिनिटं बोलायला सांगितलं. तिने प्रामाणिकपणे सांगितलं की मी नर्स आहे, मला सुट्टी मिळत नाही. समोरची बाई घड्याळाकडे बघत राहिली. मग हेमांगीने महाबळेश्वरची सहल रचली, त्यात स्ट्रॉबेरी, घोडा आणि एक नवरा घातला. लग्न झालेलं नसताना. त्यात तिला उत्तम मार्क मिळाले.

अडली ती लेखनात. अर्ध्या गुणाने. दुसऱ्यांदा बसली, पुन्हा अर्ध्या गुणाने. तिसऱ्यांदाही तेच. अर्धा गुण म्हणजे काय याचं स्पष्टीकरण कुणी देत नाही, कारण ते देणाऱ्यालाही येत नसावं. मी दुसऱ्या खेपेला सुटले, आणि त्यात हुशारीचा संबंध नव्हता. मला विषय आला होता म्हाताऱ्यांनी मुलांजवळ राहावं की वेगळं. माझ्या सासूबाई आमच्याजवळ बारा वर्षं होत्या. मी पुरवण्या मागितल्या.

निकालाच्या दिवशी हेमांगीने माझं अभिनंदन केलं, पेढे मागितले, आणि मग सबंध पाळीभर माझ्याशी बोलली नाही. मी समजून घेतलं. तिच्या जागी मी असते तर आठवडाभर बोलले नसते.

पुढे कागदांची वेळ आली. माझं नर्सिंग स्कूल बंद पडून तिथे मंगल कार्यालय झालं होतं. तिकडच्या कौन्सिलचं म्हणणं, शाळेने शिक्क्यानिशी थेट आम्हाला कळवावं. शाळा नाही हे मी कळवलं. त्यांनी फार नम्र उत्तर पाठवलं की तुमच्या पेशन्सबद्दल आभारी आहोत, शाळेकडून कधी येईल ते सांगा. शेवटी मी कार्यालयातच गेले. शाळा चालवणारी संस्था आणि कार्यालय चालवणारी संस्था एकच निघाली. सेक्रेटरी एका वधूपित्याशी पुरीभाजी की मसालेभात यावर घासाघीस करत होते. ती मिटल्यावर त्यांनी ड्रॉवर उघडून शाळेचा शिक्का काढला, हॉल रिकामा नाही याबद्दल माझी माफी मागितली आणि सही केली. मग अडचण निघाली नावाची. शिकलेली अनिता कदम आणि नोंदलेली अनिता विलास साळवी या दोन वेगळ्या बायका असल्याचा इंग्रजांना संशय होता. तिसरी कुणीतरी दोघींच्या नावावर येऊ पाहते आहे, असं त्यांना वाटत असावं. लग्नाचा दाखला पाठवला, प्रतिज्ञापत्र केलं. माझे यजमान विलास म्हणाले, मलाही कधीकधी हा संशय येतो.

कॉम्प्युटरवरची परीक्षाही पार पडली. निघायच्या आधी मी हेमांगीकडे वॉर्डाचा चार्ज दिला. चाव्या, औषधाचं कपाट, कुठल्या ऑक्सिजन सिलिंडरचा काटा खोटं बोलतो, सगळं सांगितलं. तिला बहुतेक माहीतच होतं. शेवटी मी काहीतरी समजुतीचं बोलायला लागले, की पुढच्या वेळी तुझंही होईल. तिने मला मध्येच थांबवलं. "तुमी जा, ताई. इकरं मी हाय." ती चिडलेली होती की गहिवरलेली, ते भाषेवरून कळायला मार्ग नव्हता.

इंग्लंडमधल्या शहराचं नाव सांगत नाही, उगाच तिथल्या लोकांना वाटायचं आपल्याबद्दल काही बरं लिहिलंय. पोचल्यावर प्रात्यक्षिक परीक्षेची तयारी सुरू झाली. माझ्यासोबत केरळच्या, फिलिपाइन्सच्या, आफ्रिकेतल्या नर्सेस होत्या, सगळ्या अनुभवी. पेशंट मात्र रबराचा. बेडवर पालथा-उताणा करता येणारा एक बाहुला, त्याला नाव आणि जन्मतारीखही होती. त्याच्याजवळ गेल्यावर आधी मोठ्याने म्हणायचं की मी आजूबाजूची जागा सुरक्षित असल्याची खात्री करून घेत आहे. मग स्वतःचं नाव सांगायचं, त्याला नाव विचारायचं, त्याचं उत्तर परीक्षक देत. मग त्याला कशाची ॲलर्जी आहे का, तुम्हाला हात लावला तर चालेल का, पडदा ओढू का. मग हात धुवायचे आणि हात धुते आहे असंही सांगायचं.

आपल्याकडे नर्स बोलत काम करत नाही. बोललीच तर 'हलू नका' एवढं बोलते. मी बाहुल्याकडे गेले, मनगट धरलं, श्वास बघितला, मास्क लावला, उशी उंच केली. सगळं बरोबर. फक्त तोंड उघडलं नाही. नापास. परीक्षक बाईंनी फार प्रेमाने समजावलं की तुम्ही केलंत ते मला दिसलं, पण तुम्ही म्हणालात ते ऐकू आलं नाही. मी मनात मराठीत जे म्हणाले तेही त्यांना ऐकू आलं नाही, हे बरं झालं. दुसऱ्या खेपेला मी खोलीत पाऊल टाकल्यापासून बाहेर पडेपर्यंत बोलत होते. बाहुल्याला मी त्याच्या घरच्यांबद्दलही विचारलं. पास झाले आणि रजिस्टरवर नाव चढलं. त्या रात्री विलासना फोन केला, तर ते म्हणाले, म्हणजे इतकी वर्षं तू नव्हतीसच का?

पुढची सात वर्षं मी एका मोठ्या हॉस्पिटलात वॉर्डात काम केलं. कंटाळवाण्या गोष्टी सांगत नाही. थंडी, एकटेपणा आणि बटाटा यांवर आधीच पुष्कळ लिहिलं गेलंय. एक सांगते, कारण तिथे माझा तोरा उतरला. माझ्या वॉर्डात एक म्हातारी बाई शेवटच्या दिवसांत होती. उपचार संपलेले, नातलग लांब. दुपारी वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरने मला सांगितलं की आज तू तिच्याजवळ बस. मी विचारलं, आणि काम? ती म्हणाली, हेच. मी खुर्ची ओढून बसले. बाईचा हात धरायच्या आधी मी विचारलं, धरू का. रबराच्या बाहुल्याला विचारताना हसू आलं होतं. तिने डोळे न उघडता हो म्हटलं, आणि मला पनवेलची सगळी माणसं आठवली, ज्यांना मी न विचारता उलटंपालटं केलं होतं. संध्याकाळी ती गेली. बसल्या जागी मी काम केलं होतं आणि त्याचा मला पगारही मिळाला. आमच्या कॅज्युअल्टीत असं कुणाजवळ बसायला वेळ असतो का, असं कुणी विचारेल. नसतो. पण हसण्याच्या ट्रेनिंगला होता.

तिथे असताना हेमांगीचा दर रविवारी फोन यायचा. वॉर्डातल्या बातम्या द्यायची. निखिल सरांनी काय नवीन काढलं, कोण सोडून गेलं. तिच्या परीक्षेबद्दल मी विचारत नसे, ती सांगत नसे. एके रविवारी तिने सांगितलं, की ती मेट्रन झाली. म्हणजे सगळ्या हॉस्पिटलच्या नर्सेसची प्रमुख. जिला लेखनात अर्धा गुण कमी पडत होता, ती आता सगळ्यांचे रिपोर्ट तपासत होती.

मुलीचं शिक्षण झालं, कर्ज फिटलं. विलास एकदा तिकडे येऊन गेले होते आणि तिथली शांतता त्यांना सोसली नव्हती. शेजारच्या घरातून भांडण ऐकू आल्याशिवाय त्यांना झोप येत नाही. मी परत आले. आमच्या सोसायटीत लोकांनी मला दोनच प्रश्न विचारले, परत का आलीस, आणि काय आणलंस. परत आल्याचं कारण कुणालाच पटलं नाही. चॉकलेटं पटली.

घरी बसायचा माझा विचार नव्हता. मी हेमांगीला भेटले. ती मोठ्या टेबलामागे बसली होती, मला बघून उठली, मिठी मारली, चहा मागवला. मग माझे कागद बघितले आणि कप खाली ठेवला. माझी इथली नोंदणी संपली होती. पाच वर्षांनी ती नवी करून घ्यावी लागते, त्यासाठी मधल्या काळात इथल्या शिबिरांना, व्याख्यानांना हजेरी लावल्याचे पॉइंट लागतात. मी तर मधल्या काळात नुसतं काम करत होते.

इथल्या कौन्सिलच्या ऑफिसात गेले तेव्हा खिडकीपलीकडच्या गृहस्थांनी शांतपणे विचारलं, मधली वर्षं प्रॅक्टिसमध्ये होता का? होते म्हटलं, इंग्लंडमध्ये. ते म्हणाले, म्हणजे इथे नव्हता. मी तिकडच्या नोंदणीचा कागद काढला. त्यांनी तो उलटसुलट बघितला आणि म्हणाले, तिकडच्या कौन्सिलने आम्हाला थेट कळवायला हवं की तुमच्याबद्दल तक्रार नाही. शिवाय नाव. तिकडे अनिता साळवी आहे, इथे अनिता विलास साळवी. विलास माझ्यासोबत आले होते. हा गृहस्थ तुमचा कोण, असं त्या क्षणी कुणी विचारलं असतं तर पुराव्यादाखल त्यांना उभं केलं असतं. पण शेवटी प्रतिज्ञापत्रच लागलं. परक्या देशात मला निदान परकी समजून अडवलं होतं.

महिने लागणार हे दिसत होतं. हेमांगीने तोडगा काढला. रोज सकाळी यायचं, कॅज्युअल्टीच्या कोपऱ्यात बसायचं, नव्या मुली काम कसं करतात ते बघायचं आणि संध्याकाळी तिला सांगायचं. पगार नाही, पद नाही. पेशंटला हात लावायचा नाही. तीच ती प्लास्टिकची खुर्ची. मला वाटलं, ही जुन्या मैत्रीखातर माझी सोय करते आहे. काय सोय, असं मनात म्हणून मी ती स्वीकारली.

नव्या मुली चटपटीत होत्या. सगळ्यांच्या पिशवीत इंग्रजीचं पुस्तक. आमचं हॉस्पिटल त्यांना दोन वर्षांचा अनुभव मिळवण्यापुरतं हवं होतं, पुढे विमान. जुन्या हाताची एकही उरली नव्हती. एके दिवशी दुपारी वीटभट्टीवरची एक कातकरी बाई तापाने फणफणलेलं पोर घेऊन आली. पोराला आकडी आली होती. स्नेहा नावाच्या मुलीने त्याला कुशीवर वळवलं, ऑक्सिजन लावला, डॉक्टरांना हाक मारली. सगळं बरोबर केलं. पण आईशी कुणी एक शब्द बोललं नाही. तिला दिसत होतं ते इतकंच, की चार परकी माणसं तिच्या पोराला धरून त्याच्या तोंडावर काहीतरी दाबताहेत. ती किंचाळली नाही. तिने सरळ नळ्यांमधून हात घातला आणि पोर उचलून पळायला बघितलं.

मी खुर्चीतून उठले. पोराला हात लावायचा नव्हता, आईला लावू नये असं कुणी सांगितलं नव्हतं. मी तिला मागून धरलं आणि तिच्यासकट जमिनीवर बसले. तिच्या कानाशी सांगत राहिले. ती नळी आहे ना, तिच्यातून वारा जातोय. आता सुई टोचतील, रडला तर चांगलं. बघ, हात सैल सोडला त्याने. हळूहळू तिचं अंगही सैल झालं. पोर रडलं, तेव्हा तीही रडली, आणि मग तिने माझ्याच बाहीला डोळे पुसले. दुसऱ्या दिवशी ते पोर बेडवर बसून बिस्किट खात होतं.

निखिल सरांनी हे कॅमेऱ्यात पाहिलं. मला आणि हेमांगीला केबिनमध्ये बोलावलं. ते अजून सरच होते, फक्त केस कमी झाले होते. त्यांचं म्हणणं असं, की अनधिकृत व्यक्ती पेशंटच्या नातेवाइकांच्या संपर्कात आली आहे, आणि माझी नेमकी पोस्ट काय हे त्यांना सिस्टममध्ये सापडत नाही. मी काही बोलायच्या आत हेमांगी बोलली, आवाज न चढवता.

"त्या बाईनं पोर उचलून नेला असता, तर तुमच्या कॅमेऱ्यात तो पन दिसला असता. नाय का, सर?"

निखिल सरांनी स्क्रीन बंद केली. मग त्यांनी मला व्हिजिटर असं लिहिलेलं कार्ड करून दिलं. गळ्यात घालायला निळी पट्टीसुद्धा दिली. इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर त्या हॉस्पिटलने माझा केलेला हा एकमेव सत्कार.

नोंदणी आली ती एका साध्या दुपारी. मी पुन्हा नर्स झाले. हेमांगीला सांगायला तिच्या केबिनमध्ये गेले, तर तिने उठून दार लावलं आणि सांगितलं की ती चालली आहे. जर्मनीला.

मला आधी वाटलं, थट्टा करते आहे. तिने इंग्रजीचा नाद कधीच सोडला होता. गेली दोन वर्षं ती रोडपालीला एका फ्लॅटमधल्या क्लासला जात होती, खाली जिम आणि वर जर्मन. इथे कुणाला पत्ता नव्हता. परीक्षा झाली होती, पहिल्याच खेपेला, लेखनासकट. मी विचारलं, इंग्रजी जमलं नाही आणि जर्मन कसं जमलं? ती म्हणाली, इंग्रजीत सगळ्याला एकच 'द' आहे, माणसाने ओळखायचं काय? जर्मनमध्ये तो, ती, ते आहे. आपल्यासारखं. टेबल 'तो' आहे आणि दिवा 'ती' आहे, एवढं पाठ केलं की झालं. मुलगी मात्र 'ते' आहे. ती म्हणाली, त्याचंही काही वाटलं नाही, आपल्या घरात तरी मुलीला काय वेगळं समजतात.

तिकडे गेल्यावर तिलाही आधी काही महिने कुणाच्या तरी देखरेखीखाली राबायचं होतं, मगच नोंदणी. मेट्रनच्या खुर्चीतून उठून पुन्हा शिकाऊ. तिने ते अगदी सहज सांगितलं. आणि मग तिने मला सांगितलं, की तिने मेट्रनच्या जागेसाठी माझं नाव कंपनीला दिलं आहे.

"म्हनून तर तुमाला खुर्चीवर बसवून ठेवला. दुसऱ्या हॉस्पिटलात गेल्या असत्या तर मी कुनावर टाकून जानार व्हते हे?"

इतके महिने मी समजत होते, की तिने माझी सोय केली. तिने हॉस्पिटलची केली होती. मला राग यायला हवा होता. मी तिच्या टेबलावरचा माझा चहा संपवला आणि चाव्या कुठे असतात ते विचारलं.

एक काम राहिलं होतं. तिच्या आईला हे पटत नव्हतं. आई तिच्याशी धड बोलत नव्हती, जेवायला वाढून उठून जात होती. हेमांगीने मला रविवारी मोऱ्याला जेवायला बोलावलं. तुम्ही जाऊन आलेल्या आहात, तुमचं ऐकेल, असं म्हणाली. हे वाक्य घरोघरी कुणाच्या ना कुणाच्या बाबतीत बोललं जातं आणि कधीही खरं ठरत नाही, तरी मी गेले.

बंदराच्या वरच्या अंगाला त्यांचं घर. दारात जाळी वाळत घातलेली. आईने कोलंबीचं कालवण आणि तळलेले बोंबील केले होते. मला आग्रहाने वाढत होती, हेमांगीच्या ताटाकडे बघत नव्हती. हेमांगी काही बोलायला गेली की आई मलाच विचारी, अजून भात देऊ? मी इंग्लंडबद्दल सोसायटीत सांगते ते सगळे किस्से तयार ठेवले होते. बाहुला, बटाटा, थंडी. त्या बाईसमोर त्यातला एकही तोंडातून निघेना. ती जन्मभर बाजारात बसून गिऱ्हाइकाचं तोंड बघून भाव सांगत आली होती. तिला किस्से विकणं सोपं नव्हतं.

जेवण झालं. आईने हात धुतले, पदराला पुसले आणि माझ्यासमोर येऊन बसली. हेमांगी भांडी उचलता उचलता थांबली.

"तू गेली व्हतीस ना बाय, तिकरं," आई म्हणाली. "मंग मना खरा सांग. तिकरची मानसां बरी हायत का?"

मला ती म्हातारी आठवली, डोळे न उघडता हो म्हणणारी.

"बरी नाहीत, आई," मी म्हणाले. "म्हणून तर हिला बोलावलंय."

आईने पहिल्यांदा लेकीकडे बघितलं, पायापासून डोक्यापर्यंत, बाजारात ताजी मासळी बघतात तसं.

"मंग जाव दे तिला," ती म्हणाली.